आत्याची मांडी

आमच्या बेटावर गुरुवारच्या बोटीतून आधी उतरली ती खाट. गुलाबी, चारी बाजूंनी जाळी लावलेली, घडी घालता येणारी बाळाची खाट. तिच्यामागून माझी थोरली लेक मेलेनाइते उतरली. चव्वेचाळीस वर्षांची, कमरेला आमच्याकडे मानाच्या प्रसंगी बांधतात ती ठेवणीतली चटई गुंडाळलेली. धक्क्यावरची माणसं आपोआप बाजूला झाली. राजधानीत तिचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे, त्यामुळे ती कुणाकडेही पाहते ते माप घेतल्यासारखं.

"आई, ही खाट आजच लावून टाका," ती मला म्हणाली. "चार दिवस लुपेला तिच्यात निजायची सवय झाली, म्हणजे सोमवारी बोटीवर त्रास नको."

खाट माझ्या दिरानं डोक्यावर घेतली. माका सत्तरीचा, बिनलग्नाचा आणि जिभेला हाड नसलेला. चालता चालता माझ्या कानाशी लागला. "वहिनी, डुक्कर न्यायचं तर माणसं दोरी आणतात. ही खाट घेऊन आलीय."

मी त्याला गप्प केलं, पण तो बोलला ते सगळ्यांनाच माहीत होतं. लुपे, म्हणजे माझ्या फोलाउची मुलगी, रविवारी वर्षाची होणार होती. ती जन्मली त्या दिवशी मेलेनाइतेनं तिचं नाव ठेवलं आणि त्याच दमात सांगितलं, "वर्षाची झाली की ही माझी." तिला स्वतःचं मूल नाही. फोलाउ "हो" म्हणाला. नाही म्हणून करतो काय? आमच्याकडे भावाच्या घरात देवाखालोखाल बहिणीचा हुकूम चालतो, आणि देव निदान बोटीनं येऊन राहत नाही. बाळंतीण कालो भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला कुणी विचारलं नाही. मलाही नाही. पण खरं सांगते, विचारलं असतं तर मीसुद्धा हो म्हटलं असतं. तेव्हा मी मेलेनाइतेच्या बाजूची होते.

माझी बाजू बदलली ती खाट यायच्या तीन दिवस आधी, सोमवारी, विमानतळावर.

कालो, माझी सून, सहा महिने ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेली होती. वादळात घराचं छप्पर गेलं होतं, ते घालायचं होतं. ती निघाली तेव्हा लुपे सहा महिन्यांची. रोज संध्याकाळी आम्ही पोरीला फोनसमोर धरायचो आणि म्हणायचो, "ही बघ आई!" लुपे फोन चाटायची. आम्हाला वाटायचं, किती ही माया! तिकडे कालो डोळे पुसायची, इकडे लुपे फोनचा कोपरा चावायची, आणि अख्खं घर टाळ्या पिटायचं.

त्या सोमवारी कालोनं हात पसरले. लुपेनं तिच्याकडे पाहिलं, खालचा ओठ काढला, माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि विमानतळ डोक्यावर घेतला. "थांबा, थांबा," म्हणत माकानं खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोर धरला. फोन बंद होता. लुपेनं तो दोन्ही हातांनी पकडला आणि त्याला म्हणाली, "आई."

कुणी हसलं नाही. माकासुद्धा नाही.

असं मानेत खुपसलेलं तोंड मी आयुष्यात आधी एकदा पाहिलं होतं. फक्त तेव्हा ती मान माझी नव्हती.

*

मंगळवारी सकाळी कालो परसात आली तेव्हा मी ओंडक्यापुढे बसून तुतीची साल कुटत होते. सालीचं कापड करणं हे माझं रोजचं काम. लुपे त्याच आवाजावर मोठी झाली. टक्-टक्, मग जरा थांबून टक्. तिसरा घाव उशिरा पडतो, कारण माझा उजवा खांदा धरलेला आहे. हा ठेका ऐकला की पोरगी माझ्या मांडीला टेकून पाच मिनिटांत झोपणार.

कालो लुपेला उचलायला वाकली. लुपे किंचाळली आणि माझ्या पाठीमागे दडली.

"हात लावू नकोस तिला," मी म्हटलं. "तिच्याकडे बघूही नकोस. ही घे मोगरी. बस आणि कूट."

"आई, माझी मुलगी आहे ती. मी काय साल कुटत बसू?"

"मासा धरायचा म्हणून कुणी पाण्यात धावत सुटतं का?"

"पण वन्सं गुरुवारी येतील. रविवारी वाढदिवस. दिवस राहिलेत किती?"

"म्हणून तर. आणि आधी अंघोळ करून ये. अंगाला तुझ्या परक्या साबणाचा वास येतोय. नारळाचं तेल चोळ, भट्टीच्या धुरात जरा बसून ये."

कालोनं मला पुढे कितीदा तरी सांगितलं, की त्या क्षणी तिला माझा राग आला होता. तिला वाटलं, म्हातारी लेकीच्या बाजूनं खेळतेय, मला मुद्दाम लांब ठेवतेय. तरी ती अंघोळ करून आली, समोर बसली आणि कुटू लागली. तिचे घाव जलद आणि चिडलेले पडत होते. लुपे माझ्या पाठीमागून एका डोळ्यानं पाहत राहिली.

"हळू," मी म्हटलं. "तिसरा उशिरा."

"तिसरा का उशिरा?"

"माझा खांदा दुखतो म्हणून."

"माझा नाही दुखत."

"तिला ते कुठे ठाऊक आहे?"

बुधवारी लुपे पाठीमागून बाहेर आली आणि कालोपुढच्या सालीवर भरपूर लाळ गाळून गेली. गुरुवारी तिनं कालोच्या पायाचा अंगठा धरून पाहिला. कालो कुटत राहिली. शुक्रवारी लुपे तिची वेणी धरून उभी राहिली. मग तिनं कालोचा चेहरा फार जवळून, अगदी म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या नजरेनं पाहिला आणि पुन्हा खाली बसली. कालोचा नेम चुकला, मोगरी अंगठ्यावर बसली. तोंडातून शब्द काढला नाही सुनेनं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ठेका तसाच चालला होता. तिसरा उशिरा.

शनिवारी दुपारी कालो कुटत असताना लुपे तिच्या मांडीवर डोकं टाकून झोपली. कालोचा पाय बधिर झाला. दोन तास ती मांडी न हलवता बसली. मी तिला पाणी पाजलं, तेही घोटाघोटानं, हलू नये म्हणून.

*

आता गुरुवारचं सांगते, कारण खरी बोलणी त्या दिवशी झाली.

जेवणं झाल्यावर मेलेनाइतेनं भावाला बोलावून घेतलं. बोलावलं म्हणजे ती आत बसली आणि फोलाउ खिडकीबाहेर नीरफणसाखाली. भावानं मोठ्या बहिणीसमोर बसायचं नाही, थट्टा करायची नाही, वाद तर नाहीच, हे आमच्या घरात अजून पाळतात. त्यामुळे मधल्या पायरीवर निरोप्या म्हणून माका.

"बोटीची तिकिटं काढली म्हणावं," मेलेनाइते आतून म्हणाली.

"तिकिटं काढलीत," माका बाहेर म्हणाला. "एक अख्खं, एक मांडीवरचं."

फोलाउनं मला मागाहून सांगितलं की तीन दिवस होडीत एकटा असताना तो एकच वाक्य घोकत होता: 'ताई, अजून एक वर्ष थांब.' माशांना ते तोंडपाठ झालं असेल. पण खिडकीतून बहिणीचा आवाज आला आणि वाक्य पळालं.

"बोटीत... उकडलं तर नाही ना, विचारा."

"उकडलं का?" माकानं विचारलं.

"नाही."

"नाही उकडलं. आणखी काही? बोल रे, मी काही रोज निरोप्या नसतो."

"कालो आत्ताच आलीय," फोलाउ पुटपुटला.

माकानं घसा खाकरला आणि खिडकीत तोंड घालून मोठ्यानं म्हणाला, "तो म्हणतो, कालो आत्ताच आलीय, पोरगी तिला अजून ओळखत नाही, आईची माया म्हणजे काय चेष्टा आहे का, तेव्हा जरा –"

"इतकं नाही म्हणालो मी!" फोलाउ कळवळला.

मग मेलेनाइते बोलली. आवाजात राग नव्हता, गणवेशाचं कापड बेतत असल्यासारखा सरळ आवाज.

"ओळखत नाही तर बरंच की. धागा जुळलेलाच नाही, तर तुटणार काय? दोनदा रडण्यापेक्षा एकदाच रडेल. मी नाही का वाढले विकाआईकडे? चौदा महिन्यांची होते. मला काही आठवतं का?"

मी स्वयंपाकघरात अळकुड्या सोलत होते. हातातली अळकुडी पाण्यात पडली, ती मी काढली नाही.

विका माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्यापासून चार घरं पलीकडे राहायची. एक दिवस येऊन म्हणाली, "हिला मी नेते." मी बावीस वर्षांची होते. मी मेलेनाइतेचे कपडे धुतले, वाळवले, घड्या घातल्या आणि दिले. लोक म्हणाले, किती शहाणी सून. पुढे मला चार मुलं झाली, पण ती चार घरं मला कधी ओलांडता आली नाहीत. म्हणून वाटायचं, मेलेनाइतेला एक मूल मिळालं की माझ्या मनाला थंडावा येईल. तिच्या ओटीत घालायला मूल दुसरीचं होतं, हे मला त्या दिवशी अळकुडी पाण्यात पडल्यावर नीट दिसलं.

आणि तरी मी बाहेर येऊन काही बोलले नाही. हेही लिहून ठेवते.

गुरुवार ते शनिवार मेलेनाइतेनं मायेची शिकस्त केली. दिसली की लुपेला उचलायची, मुके घ्यायची, साखर चाटवायची. लुपेचं एव्हाना असं झालं होतं की गुलाबी खाट दिसली तरी ती गळा काढायची. मेलेनाइते मला म्हणाली, "तुम्ही लाडावून ठेवलंय तिला."

माका म्हणाला, "खाट बाकी छान आहे. काल मी पाय ताणून पाहिले, माझे मावत नाहीत."

*

रविवारी प्रार्थनेनंतर पंगत बसली. डुकराची सोनेरी भाजलेली पिल्लं, कोनफळं, अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस, कलिंगडं. सगळ्यांच्या वर, चटयांच्या उंच थरावर मेलेनाइते. आत्याचं ताट वेगळं, आत्याचा वाटा मोठा. तिचं उष्टं भाचरांनी खायचं नाही. आणि भाचरांचं उष्टं तिनं खावं हे तर कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. तिच्या शेजारी पाद्री. कालो सून म्हणून दाराशी, वाढायला.

फोलाउनं लुपेला आणून बहिणीच्या मांडीवर ठेवलं. हीच ती घडी. आता मूल आत्याचं.

लुपेच्या अंगात मेलेनाइतेनं स्वतः शिवलेला लेसचा झगा होता, पायांत पांढरे बूट. फोटोवरून अंदाजानं बेतलेला झगा, दोन बोटं मोठाच झालेला. लुपेनं श्वास घेतला. तो श्वास बाहेर आला तेव्हा भट्टीजवळची कुत्री उठून लांब गेली.

रविवारी आमच्याकडे काम बंद. कायद्यानंच बंद, त्यामुळे मोगरी नाही, ठेका नाही, पोरीची झोप नाही. पाद्र्यांनी प्रार्थनेचा आवाज चढवला, लुपेनं तिचा. आत्याच्या मांडीवरून मूल उचलायचं कुणी? बापानं? आजीनं? साठ माणसं ताटाकडे पाहत अशी बसली होती की जणू काही ऐकूच येत नाही. माका तर भाजलेल्या पिल्लाच्या कानाशी बोलत होता.

मेलेनाइतेनं तिच्या मनातलं मला नंतर सांगितलं. आधी तिला लाज वाटली, मग घाम फुटला, मग ती लुपेच्या कानात सारखं "आत्या, आत्या आहे ना" म्हणत राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की पोरगी तिच्यावर रागावलेलीच नाही. ती मान वळवून वळवून काहीतरी शोधतेय. जे शोधतेय ते या चटयांवर नाही. "आई," ती मला म्हणाली, "ती मला ढकलत असती तर मी सोडली नसती. पण ती मला बघतच नव्हती."

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. टक्-टक्. जरा थांबून, टक्.

कालो बसली होती तिथंच, मान खाली, आणि तळहात जमिनीच्या लाकडी फळीवर पडत होता. टक्-टक्. टक्. चुकून झालं असावं असं वाटायला लावणारा, अगदी हलका आवाज. पण तिसरा उशिरा.

लुपे गप्प झाली.

पाद्री थांबले. माका म्हणाला, "सूनबाई, रविवार आहे."

पाद्र्यांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "जमिनीवर हात थोपटणं हे काम आहे, असं माझ्या वाचनात कुठे आलेलं नाही. आमेन."

लुपे मांडीवरून घसरली. चटयांच्या थरावरून पोटावर सरकत उतरली. एक गुडघा तिनं अळूच्या पानांत बुडवला, एका काकांच्या ताटातली नारळाच्या दुधाची साय झग्यावर घेतली, आणि रांगत माझ्यापाशी आली. माझे हात आपोआप पसरले. सहा महिने ती रोज त्याच हातांत आली होती. ती माझा गुडघा धरून उभी राहिली. आवाज कुठून येतोय ते पाहिलं. आणि मला ओलांडून पुढे गेली.

कालोच्या मांडीवर तिनं डोकं टाकलं, अंगठा तोंडात घातला. कालोनं तिला उचललं नाही, कवटाळलं नाही. एक हात फळीवर चालू ठेवला. दुसरा हवेत तसाच धरला होता, खाली ठेवू की नको अशा विचारात.

सगळ्यांनी वर पाहिलं. मेलेनाइतेच्या मांडीवर एक पांढरा बूट राहिला होता. तिनं तो उचलला, नाडी नीट बांधली आणि म्हणाली, "जेवा. गार होतंय."

*

दुपारी ती नीरफणसाखाली माझ्याजवळ येऊन बसली. बूट हातातच.

"मी किती दिवस रडले?"

मी आधी समजलं नाही असं दाखवलं. तिनं माप घ्यायच्या नजरेनं पाहिलं, तेव्हा ते सोंग सोडून दिलं.

"नऊ दिवस. मी विकाच्या परसात केळींमागे उभी राहायचे. दहाव्या दिवशी आवाज आला नाही, म्हणून घाबरून आत धावले. तू तिच्या कडेवर होतीस. मी हात पुढे केले, तर तू तिच्या मानेत तोंड खुपसलंस."

"मग?"

"मग तुझा एक झगा घरी राहिला होता, तो दिला आणि परत आले. तू रडायची थांबलीस याचं बरं वाटलं की वाईट, ते आजवर मला ठरवता आलेलं नाही."

ती बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिली. "विकाआईनं मला चांगलं सांभाळलं," ती म्हणाली.

"फार चांगलं. मला माहीत आहे."

"तिच्या मानेचा वास मला अजून आठवतो. तुमच्या नाही."

"माझ्या कसा आठवेल?"

"तेच म्हणतेय," ती म्हणाली आणि उठून गेली.

सोमवारी धक्क्यावर सगळा गोतावळा. कालोच्या कडेवर लुपे, कालोचा चेहरा पांढराफटक. कारण मेलेनाइते अजून काही बोलली नव्हती, आणि तिनं हात पुढे केला असता तर कालोला मूल द्यावंच लागलं असतं. फोलाउ दहा पावलं लांब. माका मध्ये.

"त्याला सांगा," मेलेनाइते म्हणाली, "लुपे माझीच आहे. तिचं नाव मी ठेवलंय."

"लुपे तिचीच आहे," माका पडलेल्या आवाजात म्हणाला.

"माझीच आहे, आणि मी तिला इथं ठेवतेय. वर्षातून दोनदा बघायला येईन. येईन तेव्हा महिनाभर राहीन. आणि मला मोगरी धरायला शिकवायची."

माकानं हा निरोप इतक्या मोठ्यानं दिला की बोटीवरच्यांनीही ऐकला. फोलाउ पाठ फिरवून समुद्राकडे बघू लागला. त्याचे खांदे हलत होते. "आणि खाट?" माकानं विचारलं.

"तुम्ही पाय मुडपून झोपत जा."

कालोला रडूही फुटेना. तेवढ्यात लुपेनं तोंडातला अर्धा चघळलेला, लाळेनं माखलेला अळकुडीचा तुकडा बाहेर काढला, न्याहाळला आणि हात लांब करून आत्याच्या ओठांशी नेला. सगळा धक्का श्वास धरून उभा. भाचीचं उष्टं! कालो लगबगीनं तो हात मागे ओढू लागली. "वन्सं, तिला कळत नाही हो –"

मेलेनाइतेनं तोंड उघडलं. तुकडा घेतला, चावला, गिळला. लुपेनं तिच्या तोंडात बोट घालून घास खरंच गेला का ते पाहिलं.

मग मेलेनाइते माझ्याकडे वळली. निरोपाला गालाला गाल लावायचा, म्हणून वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तिचं नाक माझ्या मानेत होतं. ती श्वास घेत होती, हळूहळू. माझ्या मानेला तेलाचा आणि ओल्या सालीचा वास येत असणार. माझा खांदा दुखायला लागला, पण मी हलले नाही.

बोटीचा भोंगा दोनदा वाजला. मागे माका कुणाला तरी ओरडून सांगत होता, "थांबवा जरा! एक माणूस अजून यायचाय."